मावशीचं काम

नोकरीला लागून तिला तिसरा आठवडा चालू होता. स्टुटगार्टपासून तासाभरावर एक लहान शहर आहे. तिथल्या रुग्णालयात वॉर्डच्या प्रमुख बाईंनी माझ्या भाचीला दुपारी भेटायला बोलावलं. वेळ सांगितली ‘फिअर्टेल द्राय’. फिअर्टेल म्हणजे पाव, द्राय म्हणजे तीन. सव्वातीनला दोन मिनिटं कमी असताना भाची दारात हजर. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि भेट पुढच्या आठवड्यावर ढकलली. त्या सव्वादोनपासून थांबल्या होत्या.

जर्मनीच्या त्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, श्वाबेन भागात, ‘फिअर्टेल द्राय’ म्हणजे सव्वादोन. दोन वाजून गेले, तिसऱ्या तासाचा पाव हिस्सा सरला, असा तो हिशेब. पुण्यातल्या वर्गाच्या पुस्तकात सव्वादोनला ‘दोननंतर पाव’ म्हणतात असं होतं. ते चूक नव्हतं, पण त्या गावात तसं कुणी बोलत नाही.

रात्री फोन आला. “मावशी, जर्मनची बी-टू पास होऊन आले गं मी. आणि मला घड्याळ कळेना.”

मी तिला अडीचची गोष्ट सांगितली. आपला ‘अडीच’ संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’पासून आला. ज्यातला तिसरा अर्धाच आहे तो अडीच. जर्मन माणूस अडीच वाजले की ‘हाल्ब द्राय’ म्हणतो, म्हणजे अर्धा तिसरा. पावणेतीनला तुझे श्वाबेनवाले ‘द्रायफिअर्टेल द्राय’ म्हणतात, म्हणजे तिसऱ्यातले तीन पाव भरले. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो मग वीस. तेही ‘पाच आणि वीस’ असंच म्हणतात. तो, ती, ते ही तीन लिंगंही दोन्हीकडे आहेत. इंग्रजीतून जर्मन शिकणारा ज्या ठिकाणी अडखळतो, तिथल्या निम्म्या जागा तुझ्या ओळखीच्या आहेत. तू इंग्रजीतून जाऊ नकोस, लातूरहून थेट जा.

ती हसली. रडून झाल्यावर माणूस हसतो तसं हसली. पण पुढे कधीतरी म्हणाली, की त्या दिवसापासून ती वॉर्डात आकडे मनात मराठीत मोजते.

*

भाची लातूरची. बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. त्यानंतर दोन वर्षं एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात, महिना चौदा हजार रुपयांवर. रात्रपाळीला एकेका सिस्टरकडे किती पेशंट असायचे तो आकडा इथे लिहिला तर वाचणाऱ्याला खोटा वाटेल. २०२२च्या पावसाळ्यात तिच्या मैत्रिणीने एक चिठ्ठी आणली. पुण्यातल्या एका कार्यालयाची ती जाहिरात होती: सहा महिन्यांत जर्मनी, पगार अडीच लाख, भाषा आम्ही शिकवू. माझी बहीण आणि भाऊजी दोघं तिला घेऊन पुण्याला आले, माझ्याकडे उतरले. भाऊजींनी पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. “ताई, तुम्ही पेपरात लिहिता. हे बघा जरा, खरं हाय का.”

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, कार्यालय मोठं दिसतंय, लोक बोलायला नीट आहेत. साडेतीन लाख रुपये तीन हप्त्यांत ठरले. पहिल्या हप्त्यासाठी बहिणीने पाटल्या आणि गंठण सोनेतारण ठेवलं. आज मला हे लिहिताना त्या दिवशीचं माझं उत्तर बोचतं. थोडी चौकशी केली असती तर दोन गोष्टी एका संध्याकाळीत कळल्या असत्या.

पहिली अशी, की परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याकडे १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना हवा. तो आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. परवानाधारकाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्या कार्यालयाने आमच्याकडून घेतलेले पैसे पावतीवर ‘भाषावर्ग व मार्गदर्शन’ म्हणून लावले होते. भरती हा शब्द पावतीत कुठेच नव्हता.

दुसरी गोष्ट याहून मोठी. जर्मनीत परदेशातून नर्स आणणाऱ्या संस्थांसाठी सरकारी मान्यतेचं एक प्रमाणचिन्ह आहे. त्याचा पायाच असा की भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने सोसायचा, नर्सने नाही. केरळने २०२१मध्ये आपल्या नोर्का या संस्थेमार्फत जर्मनीच्या सरकारी रोजगार यंत्रणेशी करार केला, ‘ट्रिपल विन’ नावाच्या योजनेत. तिथली मुलगी निवडली गेली की भाषा शिकण्यापासून पुढचा खर्च तिच्या घरावर पडत नाही. एकाच रुग्णालयात, एकाच पाळीला, कोट्टयमची मुलगी कर्जाविना उभी असते आणि लातूरची मुलगी आईच्या पाटल्या मनात धरून.

*

सहा महिने म्हणजे किती, हे मला भाचीच्या जर्मनच्या वर्गात जाऊन बसल्यावर समजलं.

जर्मन भाषेच्या पायऱ्या ए-१पासून सी-२पर्यंत सहा. पूर्ण दर्जाची नर्स म्हणून काम करायला चौथी पायरी, बी-२, लागते. गटे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने शून्यापासून तिथवर पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या सहाशे ते आठशे तासिका हव्यात. दिवसाला चार तासिका, आठवड्याला पाच दिवस धरले तरी सात ते नऊ महिने होतात. त्यात सुट्ट्या नाहीत, आजारपण नाही, परीक्षेची तारीख न मिळणं नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला दीड वर्ष हा प्रामाणिक आकडा.

भाचीला चौदा महिने लागले. पुण्यात सहा मुलींनी मिळून दोन खोल्या घेतल्या होत्या. बीड, नांदेड, परभणी, एक चंद्रपूरची. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: मूत्रपिंड, सलाइनची सुई, अंगावरची सूज, भीती वाटणं. निळी चिठ्ठी पुल्लिंगी, लाल स्त्रीलिंगी, हिरवी नपुंसकलिंगी. स्वयंपाक करणारीने कणीक मळता मळता शब्द म्हणायचे आणि बाकीच्यांनी रंग सांगायचा. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात शंभरात साठ हवेत. तीन निघाले, श्रवण राहिलं. बी-२मध्ये राहिलेला भाग तेवढा पुन्हा देता येतो म्हणून वर्ष वाचलं, पण तिच्या मनाला ते लागलं. ती म्हणाली, “मावशी, पेशंट बोलतो ते ऐकायचंच तर काम आहे. आणि मी त्यातच नापास.”

तिचं हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. नंतर मी ज्यांना ज्यांना भेटले, त्यांच्याशी बोलताना ते माझ्या डोक्यात असायचं. परदेशी नोकरी शोधणं म्हणजे अर्ज, व्हिसा, विमान असं आपण समजतो. भाषा ही वाटेतली एक खिडकी, एकदा शिक्का बसला की मागे पडली. नर्सच्या कामात ती कधीच मागे पडत नाही. दुखतंय कुठे, कसं दुखतंय, कालपेक्षा कमी की जास्त, हे नव्वदीची म्हातारी दात काढून ठेवलेल्या तोंडाने गावच्या बोलीत सांगते. ते समजलं नाही तर अतिदक्षतेतला दोन वर्षांचा हात निरुपयोगी ठरतो. म्हणूनच सहा महिन्यांचं आश्वासन देणारा माणूस पैशांपेक्षा मोठी चोरी करतो असं माझं मत झालं आहे. तो त्या मुलीला अर्धवट कानांनी तिथे पाठवतो.

*

भाषेच्या जोडीला कागद. या गोष्टीत मराठी माणसाची एक खास अडचण आहे.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकी दोन नावं एकत्र. विद्यापीठाच्या पदवीवर आईचं नावही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत आणखी निराळा क्रम. जर्मन कार्यालयातल्या माणसापुढे हे चार कागद गेले तेव्हा त्याला ती चार वेगळी माणसं वाटली, यात त्याची चूक नाही. प्रतिज्ञापत्र झालं, भाषांतर झालं, तरी कुठल्यातरी टप्प्यावर वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसलं. पुढे वर्षभर वॉर्डात सगळे भाचीला ‘फ्राउ’ लावून भाऊजींच्या नावाने हाक मारायचे. घरी हे कळलं तेव्हा भाऊजी काही बोलले नाहीत. पण त्यांना ते आवडलं असावं.

आणि मग ते पत्र. जर्मनीत नर्सिंग हा कायद्याने नियंत्रित पेशा आहे. परदेशी पदवी तिथल्या शिक्षणाशी ताडून पाहिली जाते, त्या प्रक्रियेला ‘आनएर्केनुंग’ म्हणतात, मान्यता. प्रत्येक राज्याचं कार्यालय वेगळं, त्या भागाचं स्टुटगार्टमध्ये. पडताळणीअंती बहुतेक भारतीय मुलींना पूर्ण मान्यता मिळत नाही. मिळतो तो ‘डेफित्सिट-बेशाइड’, म्हणजे आपल्या सरकारी भाषेत त्रुटीपत्र. वृद्धसेवेचे इतके तास कमी, पुनर्वसनाचे इतके तास कमी. चार वर्षांच्या पदवीवर असा शेरा वाचून भाची दोन दिवस जेवली नव्हती. तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं की हे पत्र म्हणजे नकार नसतो. उलट त्याच पत्राच्या आधारे व्हिसा मिळतो. तिथे पोचून रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करत ती त्रुटी भरून काढायची असते. दोन मार्ग असतात, एकतर ज्ञानपरीक्षा द्यायची, नाहीतर काही महिन्यांचा जुळवणीचा अभ्यासक्रम पुरा करायचा. तिने दुसरा घेतला.

ऑक्टोबर २०२३मध्ये ती गेली. मुंबईच्या विमानतळावर बहिणीने तिच्या बॅगेत कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी कोंबली आणि मला म्हणाली, “ताई, तिला तिथं करायला काय लावतील गं?”

*

पुढच्या मे महिन्यात मी दहा दिवस तिच्याकडे राहिले. रुग्णालयाच्या वसतिगृहातली एक खोली, खिडकीतून सफरचंदाची झाडं, सामाईक स्वयंपाकघरात फिलिपिन्सच्या दोघी आणि ट्युनिशियाचा एक मुलगा. वॉर्डात मला जाता येणं शक्य नव्हतं. पण ती पाळीहून आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि बोलायची.

लातुरात ती व्हेंटिलेटर सांभाळायची, शिरेत औषध द्यायची. इथे शिरेतलं बरंचसं काम डॉक्टर करतात. सकाळची पाळी सुरू झाली की तिच्या वाट्याला सात-आठ वृद्ध. त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची किंवा अंग पुसायचं, दात घासून द्यायचे, लंगोट बदलायचा, कपडे घालायचे, खुर्चीत बसवायचं, पावाला लोणी लावून घास घास भरवायचा. जर्मनीत याला ‘ग्रुंडफ्लेगं’ म्हणतात, पायाभूत शुश्रूषा. तिथल्या नर्सिंगचा हा कणा आहे आणि शिक्षणातही त्याला मोठी जागा आहे. आपल्याकडे हे काम कोण करतं? पेशंटची सून करते, मुलगी करते. नाहीतर वॉर्डातल्या मावशी.

“मावशी,” ती मला म्हणाली, आणि थांबली. “हे मावशींचं काम आहे गं. चार वर्षं शिकून मी मावशींचं काम करते.”

आपल्या रुग्णालयांत ज्या बाईला आपण मावशी म्हणतो, तिला नाव कुणी विचारत नाही. ती कुठल्या वस्तीतून येते हे मात्र सगळ्यांना माहीत असतं. बेडपॅन कुणी उचलायचं, अंग कुणी पुसायचं, हे आपल्याकडे पदवीने ठरण्याच्या आधी जातीने ठरलेलं आहे. नर्सिंग कॉलेजात माझ्या भाचीला अंग पुसण्याची कृती पुस्तकात होती, प्रात्यक्षिकात पुतळ्यावर होती. वॉर्डात आल्यावर ती कृती हळूच मावशींकडे सरकली आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्रुटीपत्रात वृद्धसेवेचे तास कमी आहेत असं जे लिहिलं होतं, ते मला त्या खोलीत बसून पहिल्यांदा खरं वाटलं. त्रुटी तिच्यात नव्हती, पण होती.

तिला याची घृणा वाटत होती का? सुरुवातीला हो, असं ती सरळ म्हणाली. मग एक वृद्ध बाई आल्या. नव्वदी पार, पूर्वी शाळेत शिकवायच्या. जर्मनीत नर्सच्या पदवीचं आजचं नाव ‘फ्लेगंफाखफ्राउ’ असं लांबलचक आहे, पण जुनी माणसं अजून ‘श्वेस्टर’ म्हणतात, म्हणजे बहीण. आपल्या ‘सिस्टर’चीच थोरली. त्या श्वेस्टर म्हणून हाक मारायच्या आणि अंग पुसताना एकेक शब्द शिकवायच्या. खांदा. काख. जरा हळू. पाणी कोमट कर. पुस्तकात ‘दुखतंय’साठी एक क्रियापद होतं, बाईंनी चार सांगितली. घड्याळाचा सगळा श्वाबेनी हिशेब त्यांनीच तिच्याकडून घोकून घेतला. “त्यांच्याकडे वीस मिनिटं जास्त जायची माझी,” भाची म्हणाली, “प्रमुख बाई एकदा रागावल्यासुद्धा. पण माझं श्रवण तिथं पास झालं.”

पगारपत्रक तिने मला दाखवलं, कारण भाऊजींना ते फोनवरून समजावणं तिला जमत नव्हतं. मान्यता येण्याआधीचा मदतनीसाचा पगार कागदावर २,७८० युरो. त्यातून आयकर, आरोग्य विमा, शुश्रूषा विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा वजा होऊन हातात एकोणीसशेच्या आसपास. खोलीचं भाडं ४२०. जेवण, प्रवास, फोन गेला की घरी पाठवायला पाचशे-सहाशे उरत. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या घरात होता. चिठ्ठीतला ‘पगार अडीच लाख’ कागदावर खरा ठरला होता, हातात मात्र कधी आला नाही. साडेतीन लाखांचं कर्ज आणि त्यावरचं व्याज फिटायला नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत तिने हिवाळ्याचा एकच कोट वापरला.

*

एवढी माणसं जर्मनीला का हवीत, हे त्या गावच्या बसमध्ये बसलं की दिसतं. दुपारच्या बसमध्ये सगळे पांढऱ्या केसांचे. जर्मनीच्या सांख्यिकी खात्याने जानेवारी २०२४मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०४९पर्यंत तिथे शुश्रूषेच्या क्षेत्रात २,८०,००० ते ६,९०,००० माणसं कमी पडतील. सगळ्या क्षेत्रांचा मिळून हिशेब करणारे तिथले श्रम-अभ्यासक वर्षाला निव्वळ चार लाख स्थलांतरित हवेत असं सांगत आले आहेत. डिसेंबर २०२२मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर भागीदारीचा करार झाला. ऑक्टोबर २०२४मध्ये चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स दिल्लीत आले तेव्हा कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर झालं.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी स्वतःचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी, आणि ते शहर १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं. नर्स, प्रयोगशाळा सहायक, वीजतंत्री, नळजोडणी करणारे, सुतार, गवंडी, बसचालक अशी कामांची लांब यादी होती. भाषा सरकार शिकवणार हे त्यातलं सगळ्यात चांगलं कलम. साडेतीन लाखांच्या चिठ्ठीला एवढंच खरं उत्तर आहे. पण दहा हजार मुलांना बी-१ किंवा बी-२पर्यंत न्यायचं तर जिल्ह्याजिल्ह्यात आधी शिक्षक लागतात, आणि जर्मन शिकवणारे आपल्याकडे पुण्या-मुंबईत गोळा झालेले. आठ दिवसांच्या उजळणीवर नवा शिक्षक तयार होत नाही. या योजनेची मोजणी किती अर्ज आले यावर करू नये, लातूर, गोंदिया, नंदुरबारला किती मुलं बी-२ झाली ते मोजावं, असं मी संबंधितांना सांगत आले आहे.

या सगळ्यात आपल्या वॉर्डांचं काय? जागतिक आरोग्य संघटना आरोग्यसेवकांची तीव्र टंचाई असलेल्या देशांची यादी करते आणि तिथून माणसं ओढू नका असं सांगते. त्या यादीत पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आहेत, भारत नाही. नियमाने सगळं ठीक आहे. पण भाची गेल्यावर तिच्या जागी त्या रुग्णालयाने कुणाला घेतलं ते मी विचारलं. कुणालाच घेतलं नाही, तिचे पेशंट उरलेल्या दोघींत वाटले. चौदा हजारांवर राहायला तिला सांगण्याचा अधिकार मात्र मला किंवा कुणालाच नाही.

*

भाचीखेरीज आणखी दोघांशी बोलणं झालं.

एक त्या दहा दिवसांत भेटलेला अहिल्यानगर जिल्ह्यातला मुलगा, बारावीनंतर ‘आउसबिल्डुंग’साठी आलेला. आपल्याकडच्या आयटीआयला कारखान्याची जोड दिली तर जे होईल तसं ते शिक्षण. आठवड्यातले काही दिवस कामावर, काही दिवस व्यवसायशाळेत, फी नाही, उलट पहिल्या दिवसापासून विद्यावेतन. तो घरं गरम ठेवणाऱ्या यंत्रणा आणि नळजोडणीचं काम शिकतो, साडेतीन वर्षांचं. गावाकडे त्याचे वडील बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. “दादांना वाटतं मी इंजिनिअरिंग शिकतोय,” तो म्हणाला. “मी त्यांना सांगितलंय, तुम्ही करता तेच शिकतोय. इथं त्याला मान आहे.” त्याचा मालक त्याला सकाळी गाडीतून घेऊन जातो आणि वाटेत बोली शिकवतो. हा मुलगा सगळ्यांत कमी खर्चात आला होता आणि सगळ्यांत कमी थकलेला दिसला. आपल्या घरांतून अजून आउसबिल्डुंगकडे कुणी फारसं पाहत नाही, कारण पोरगा परदेशी जाऊन पाइप जोडतो हे लग्नात सांगायला अवघड वाटतं. हा संकोच आपण टाकला पाहिजे.

दुसरा पुण्याचा संगणक अभियंता, नंतर बर्लिनहून फोनवर बोललेला. १ जून २०२४पासून जर्मनीने ‘शान्सेनकार्टं’, संधीपत्र, सुरू केलं. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण लावून किमान सहा भरले तर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते. तोवर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा आहे. स्वतःच्या खर्चाची सोय मात्र आधी दाखवावी लागते, २०२५मध्ये महिना १,०९१ युरोंप्रमाणे. जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ एवढ्यावर अर्ज करता येतो, म्हणून तो इंग्रजीवर गेला. पण तिथले कारखाने आणि मोटार कंपन्या स्वतःच अडचणीत होत्या. ऑगस्ट २०२५मध्ये जर्मनीतल्या बेरोजगारांची संख्या दहा वर्षांत प्रथमच तीस लाखांवर गेली. इंग्रजीतून मिळणाऱ्या संगणकाच्या जागांवर जगभरातून अर्ज पडत होते. आठव्या महिन्यात तो एका गोदामात खोकी लावत होता आणि संध्याकाळी ए-२च्या वर्गाला जात होता. “काकू, उलटं केलं मी,” तो म्हणाला. “हा वर्ग कोथरूडला बसून करायचा होता. तिथं जेवण आईचं होतं.”

तिथली हवाही सगळीकडे स्वागताची नाही. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत स्थलांतराच्या विरोधात उभ्या असलेल्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली आणि तो संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. भाचीच्या एका पेशंटने तिच्या हातून जेवायला नकार दिला होता. ती दोन मिनिटं बाहेर उभी राहिली, परत आत गेली आणि ताट त्यांच्या हाताशी ठेवून म्हणाली, मी दहा मिनिटांनी येते. त्यांनी जेवण संपवलं होतं. पुढे त्या माणसाशी तिची मैत्री झाली वगैरे काही नाही. ते घरी गेले, ती कामाला लागली.

*

पूर्ण मान्यतेचं प्रमाणपत्र २०२४च्या डिसेंबरात आलं. त्यावर नाव बरोबर होतं. आडनावाच्या जागी आडनाव. नवा करार झाला, पगार कागदावर तीन हजार युरोंच्या वर गेला, रात्रपाळीचा भत्ता वेगळा. वॉर्डातल्या फळ्यावर तिचं नाव पुसून नव्याने लिहिलं. तरी दोन-तीन सहकारी सवयीने भाऊजींच्याच नावाने हाक मारतात आणि ती ओ देते.

मूळ प्रत तिने स्वतःकडे ठेवली आणि एक रंगीत प्रत लातूरला पाठवली. गेल्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे गेले तेव्हा भाऊजी मला घेऊन गंजगोलाईत फोटोफ्रेमच्या दुकानात गेले. दुकानदाराने काच पुसता पुसता विचारलं, हे कशाचं आहे. भाऊजींनी चष्मा लावला, तो लांबलचक शब्द अक्षर अक्षर वाचायचा प्रयत्न केला, मग सरळ मुलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती, तिची पाळी संपत आलेली.

“काय करलालीस? बरं, ह्याला मराठीत काय म्हणायचं गं? हा माणूस विचारलालाय.”

स्पीकर चालू होता. ती क्षणभर गप्प राहिली. मागे कुणीतरी म्हातारं माणूस श्वेस्टर, श्वेस्टर अशी हाक मारत होतं.

“सिस्टर म्हणा बाबा,” ती म्हणाली. “आणि मावशीचं काम पण येतं म्हणा. ठेवते आता, बोलावलालेत.”